टीन आयडल्स किती काळ टिकले?

लेकीच्या हातावर मार्करची काळी फुली दिसली. म्हणाली, ‘बाबा, टीन आयडल्सची.’ कोण हे?

प्रतिसाद १: अमेरिकेतल्या वॉशिंग्टनच्या शाळकरी पोरांचा पंक बँड. १९८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मबुहाय गार्डन्स या क्लबमध्ये त्यांना वय कमी म्हणून हातावर फुली मारून आत सोडलं, म्हणजे बारवाला दारू देणार नाही. ती खूण त्यांनी गावी नेली. दारू न पिणाऱ्यांची खूण आहे, लेकीची काळजी करू नका!

प्रतिसाद २: बँड जेमतेम वर्षभर चालला, १९८० च्या नोव्हेंबरात संपला. पण कार्यक्रमांचे पैसे कुणी वाटून घेतले नव्हते, सगळे डब्यात. साधारण ६०० डॉलर. बँड मोडल्यावर त्यातूनच आठ गाण्यांची रेकॉर्ड काढली, कव्हरं स्वतः कात्रीनं कापून, घड्या घालून, चिकटवून. डिस्कॉर्ड ही रेकॉर्ड कंपनी अशी उभी राहिली. मला हे फार भावतं.

प्रतिसाद ३: इयन मकाय त्यात बेस वाजवायचा. पुढे मायनर थ्रेट या बँडमध्ये गायला लागला.