बाजार पालकांचाच होतो? आमच्याकडे तरी नाही झाला

वर कुणीतरी म्हटलंय की शाळेतला आनंद बाजार (पोरं वस्तू मांडून विकतात तो) म्हणजे आईने पहाटे उठून वडे तळायचे आणि पोरांनी नुसतं मिरवायचं. खरंय, पण सगळीकडे नाही हो. आमच्या इथे (गुहागर साइड, झेडपीची शाळा, पट मोजून १९) बाईंनी नियमच केला, शिजवलेलं काही नको, परसातलं काय ते आणा. मग काय, अळूची पानं, केळफूल, नारळ, एकाने तर शेणी (गोवऱ्या) आणल्या!

लेक तिसरीत, आमसुलं घेऊन बसलेली. किलोला ४०० तर पावकिलोचे किती, गिऱ्हाईक समोर उभं आणि ही बोटं मोजतेय, शेवटी एका पारड्यात किलोचं माप ठेवून दुसऱ्यात पावकिलोची चार मापं एकेक करून टाकली, काटा सरळ झाला तेव्हा कुठे १०० म्हणाली. वहीत हेच गणित दोनदा चुकलं होतं.

बाकी २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातले ते १० दिवस दप्तराविना सहावी ते आठवीला ठेवलेत, माझ्या मते गरज खरी या बारक्यांना आहे. आमच्या शाळेत जुलैत भातलावणीलाही नेतात, गुडघाभर चिखल, कपड्यांचे हाल विचारू नका. फक्त बाजाराच्या उद्घाटनाला पाहुणे येईपर्यंत पोरांना उन्हात बसवून ठेवतात ते बंद करा रे कुणीतरी, अळू सुकून गेलं सगळं.