दुपारच्या मालिका : काहीतरी हवे असण्याचा हक्क फक्त खलनायिकेलाच का?

केतकीबन

सासूबाईंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तीन आठवडे मी दुपारी घरी होते आणि इतक्या वर्षांत प्रथमच दुपारच्या मालिका सलग पाहिल्या. ‘पाहिल्या’ हे माझ्यापुरते खरे. सासूबाई त्या ऐकतात. मांडीवर ताट, ताटात गवार आणि नजर शेंगांवर. एका दुपारी पडद्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, “आली ती. आता दुधात काहीतरी कालवणार.” तोवर कोणी एक शब्दही बोलले नव्हते, फक्त मागचे संगीत बदलले होते.

ठोकळेबाज पात्रांना हसणे सोपे आहे. सोशिक सून, कपटी जाऊ, आईच्या शब्दाबाहेर नसलेला मुलगा, देवघरासमोर निवाडा करणारी आजी, ही यादी कोणीही झोपेत म्हणून दाखवील. माझा आक्षेप पात्रे ठरावीक असण्याला नाही, तर या साच्यांमध्ये इच्छेची जी वाटणी झालेली आहे तिला आहे. खलनायिकेला काहीतरी हवे असते : घर, कारखाना, पुरुष, किल्ल्यांचा जुडगा. ती बेत आखते, माणसे फोडते, हरते आणि दुसऱ्या दिवशी नवा बेत घेऊन उभी राहते. नायिकेला मात्र काहीच नको असते; ‘सगळे सुखात राहोत’ याला मी इच्छा म्हणत नाही. कथा पुढे नेण्याचे सगळे श्रम एकीने करायचे आणि दुसरीने ते निस्तरत बसायचे, अशी ही विभागणी आहे.

स्टार प्रवाहने फेब्रुवारी २०२२ मध्ये दुपारी दीड वाजता ‘मुरांबा’ सुरू केली आणि जानेवारी २०२३ मध्ये दोन वाजता ‘शुभविवाह’ आणली. पहिलीत नायिका रमाची मैत्रीण रेवा हीच खलनायिका आहे. दुसरीत रागिणी आहे आणि ती भूमिका विशाखा सुभेदार यांची आहे, ज्यांना आपण तोवर विनोदासाठी ओळखत होतो. रेवा आणि रागिणी यांना आठवडाभर गावाला पाठवले अशी कल्पना करून पाहा. गोष्ट जागच्या जागी थांबेल.

या प्रकाराच्या जन्मस्थळी, म्हणजे अमेरिकेत, इतकी कंजुषी नव्हती. १९३० मध्ये शिकागोच्या रेडिओसाठी इर्ना फिलिप्स यांनी घरगुती मालिका लिहिली, पुढे साबण कंपन्यांनी असे कार्यक्रम प्रायोजित केले आणि त्यावरूनच ‘सोप ऑपेरा’ हे नाव रूढ झाले. फिलिप्स यांच्या तालमीत तयार झालेल्या अ‍ॅग्नेस निक्सन यांनी १९७० मध्ये दुपारचीच ‘ऑल माय चिल्ड्रन’ उभी केली आणि तीत एरिका केन हे पात्र आणले : हट्टी, स्वार्थी, नटवी. या एरिकाने १९७३ मध्ये, गर्भपाताला तेथे कायदेशीर मान्यता मिळाली त्याच वर्षी, मॉडेलिंगच्या कामासाठी गर्भपात करून घेतला. तिला चांगली म्हणावे असा कोणाचाच आग्रह नव्हता, तरीही २०११ पर्यंत, म्हणजे ४१ वर्षे, मालिकेचा कणा तीच राहिली. आपल्याकडे अशी बाई शेवटच्या आठवड्यात एकतर तुरुंगात जाते, नाहीतर तिला वेड लागते.

राजपार्ट

केतकीबन, तुमच्या सासूबाईंनी मान वर न करता खलनायिका ओळखली, यातच तुमच्या आक्षेपाचे उत्तर आहे, ते तुम्ही ओलांडून पुढे गेलात.

मी वेंगुर्ल्याकडचा असून दशावतार पाहत वाढलो. त्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेले असते, राजपार्ट, स्त्रीपार्ट, खलपार्ट ठरलेले असतात आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. राक्षस पडद्याआडून गर्जत आला की तो काय करणार हे पोराटोरांनाही ठाऊक असते. लोक रात्रभर बसतात ते हा नट आज ते कसे करतो हे बघायला. साचा पक्का असल्यामुळेच नटाला मोकळीक मिळते. दुपारची मालिका याच जातीची आहे. स्वयंपाकघर आवरताना, दुकानाच्या गल्ल्यावर किंवा नातवाला झोपवताना ती चालू असते, मधले चार भाग चुकतात आणि तरी पाचव्या दिवशी कोण कोणाचे वाईट चिंतते आहे हे क्षणात कळावे लागते. तुम्हीच सांगितलेला रेडिओचा इतिहास पाहा. हा प्रकार कानांसाठी जन्मला, आणि कानाला सावळीगोरी पात्रे कळतात, करडी कळत नाहीत.

राहिला इच्छेचा मुद्दा. ज्याला काही हवे असते त्याच्यामुळेच गोष्ट घडते, हा नियम मालिकांनी शोधलेला नाही. कैकेयीने मागितले म्हणून वनवास घडला. कौसल्येला काय हवे होते, असे आपण विचारत नाही. मग तोच न्याय दुपारी दीडच्या रमेला का लावू नये?

निंबोणी

नायिकेला काही नको असते हे मला मुळातच मान्य नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधील राधिकेने नागपुरी बोलीची लाज न बाळगता मसाल्यांचा धंदा उभा केला, आणि तो ३०० कोटींवर गेल्याबद्दल लोकांनी कितीही थट्टा केली, तरी माझ्या मावशीने ते भाग पाहूनच पापडांच्या ऑर्डरी घेण्यास सुरुवात केली. ‘आई कुठे काय करते’मधील अरुंधती गाणे परत मिळवते, घटस्फोट घेते, दुसरे लग्न करते. ही मालिका २०२४ मध्ये संध्याकाळवरून दुपारी अडीचला सरकवली गेली, तेव्हा दुपारच्या चर्चेत तिचा उल्लेखही नसावा याचे आश्चर्य वाटले.

केतकीबन

निंबोणी, तुमच्या मावशींबद्दल वाचून मनापासून बरे वाटले. पण तुम्ही घेतलेली दोन्ही उदाहरणे माझ्याच पारड्यात पडतात. राधिका मसाले कधी कुटू लागते? गुरुनाथ शनायाच्या मागे लागल्यावर. अरुंधतीला गळा कधी आठवतो? लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी अनिरुद्ध आणि संजना यांचे नाते उघडे पडल्यावर. नवऱ्याने दगा दिल्याशिवाय नायिकेला स्वतःचे काम सापडत नाही, जणू महत्त्वाकांक्षेसाठी आधी अन्यायाचा दाखला जोडावा लागतो. शनाया आणि संजना यांना मात्र तो जोडावा लागत नाही, कारण त्या वाईटच आहेत. संजना ही कार्यालयात काम करणारी बाई आहे, हा योगायोग मानायला मी तयार नाही. अरुंधतीचा साचा बंगालीतील ‘श्रीमोयी’वरून आला आणि थोड्याच काळात हिंदी, तेलुगू, तमिळ, मल्याळम, कन्नड या भाषांत जसाच्या तसा बसला. याचा अर्थ असा की इतक्या भाषांतील प्रेक्षकांना बाईची इच्छा पटते, फक्त ती भरपाई म्हणून यावी लागते.

पूर्वी असे नव्हते, निदान नेहमी तरी. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘आभाळमाया’तील सुधा जोशी पहिल्यापासून प्राध्यापक होती. संसारात वादळ आले तेव्हा तिच्या हाती काम आधीपासून होते.

राजपार्ट, कैकेयी तुम्ही आणलीत, मी सावित्री आणते. प्रत्येक मालिकेत वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळला जातो, आणि नेमक्या त्याच भागात दोरा तुटतो किंवा पूजेच्या ताटाला खलनायिकेचा धक्का लागतो. पण मूळ कथेत सावित्री काय करते? नवरा स्वतः निवडते, तो वर्षभरात मरणार हे नारदाने सांगितल्यावरही बदलत नाही आणि शेवटी यमाशी वाद घालून हवे ते मिळवते. त्या कथेत खलनायिकाच नाही. सबंध गोष्ट एका चांगल्या बाईच्या हट्टावर चालते. म्हणजे आपल्या परंपरेला हे जमत होते. आणि तुमच्या दशावतारातील संकासूर? तो राक्षस असूनही लोकांचा सर्वांत लाडका, आणि देव छापील मराठीत बोलत असताना हाच तेवढा मालवणीत बोलतो. तुमच्याकडे वाईट पात्राला बोली मिळते, हसू मिळते. आमच्या दुपारच्या खलनायिकेला भुवया आणि ढोल.

डेलावेअरकाठ

गेली बरीच वर्षे अमेरिकेत राहत असल्यामुळे एरिकाबद्दल थोडी भर घालतो, कारण चित्र इतके उजळ नव्हते. ज्या गर्भपाताचा केतकीबन यांनी गौरवाने उल्लेख केला, तो त्याच मालिकेने तीस वर्षांनंतर मागे घेतला. डॉक्टरने तो गर्भ गुपचूप दुसऱ्या स्त्रीच्या उदरात वाढवला होता आणि एरिकाचा मुलगा जिवंत आहे, असे निघाले! बाईने १९७३ मध्ये घेतलेला निर्णय मालिकेच्या लेखकांनी २००५-०६ च्या सुमारास रद्द केला. इच्छा दिली, पण परत मागून घेण्याचा हक्क राखून.

साचे बदलतात तेव्हाही ते चांगल्यासाठीच बदलतात असे नाही. ‘जनरल हॉस्पिटल’ या तिथल्याच मालिकेत १९७९ साली ल्यूकने लॉरावर बलात्कार केला. प्रेक्षकांना ही जोडी आवडू लागल्यावर तोच ल्यूक नायक झाला आणि नोव्हेंबर १९८१ मधील त्यांचे लग्न सुमारे तीन कोटी लोकांनी पाहिले. खलनायकाला इतक्या सहज माफी मिळते. एखाद्या खलनायिकेला ती अशी मिळालेली मला तरी आठवत नाही.

रात्रपाळी

मी मालिकांसाठी संवाद लिहितो. कोणत्या मालिका, कोणती वाहिनी, ते विचारू नये.

राजपार्ट यांचे म्हणणे कामाच्या बाजूने खरे आहे. आठवड्याला सहा भाग, प्रत्येकी साधारण बावीस मिनिटांचे, आणि कधी रविवारी महाएपिसोड. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. घोडबंदर रोडच्या सेटवर नट मेकअपला बसलेला असताना मी मोबाइलवर पाने पाठवलेली आहेत. अशा वेळी पात्राचा स्वभाव ठरलेला नसेल तर तीन माणसे तीन वेगळ्या बायका लिहितील. नटी बदलली तरी पात्र चालू राहते ते याच जोरावर. शनाया मध्येच रसिका सुनील यांच्याऐवजी ईशा केसकर करू लागल्या आणि मालिका थांबली नाही.

परंतु केतकीबन ज्याला इच्छेची वाटणी म्हणतात ती मी प्रत्यक्ष होताना पाहिली आहे. एका मालिकेत नायिका बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. मी एक प्रसंग लिहिला : घरी सत्यनारायण आणि त्याच दिवशी तिचा पेपर. ती सासूला सांगते, “आई, मी पूजेला बसणार नाही, माझा पेपर आहे.” एवढेच, आदळआपट नाही, रडणे नाही. बैठकीत पहिला प्रश्न आला, “पण ती चांगली आहे ना?” दुसरा आला, “गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की बायका तिच्यावर चिडलेल्या दिसतील, मग काय करायचे?” अर्ध्या तासाने प्रसंग असा झाला की ती पूजेला बसायला आनंदाने तयार आहे, सासूच तिला पेपरला जा म्हणते, आणि जाऊबाई तिचे हॉलतिकीट कपाटात लपवते. तिने म्हटलेल्या ‘नाही’चे हॉलतिकीट झाले. कथानकाच्या दृष्टीने अडथळा तोच, वेळही तीच लागली, पण आधीच्या प्रसंगात तिला काहीतरी हवे होते आणि नंतरच्या प्रसंगात तिचे काहीतरी हरवले होते.

बैठकीतील कोणीही दुष्ट नव्हते, हेही सांगितले पाहिजे. त्यात तीन बायका होत्या, तिघी नोकरी करणाऱ्या, आणि एकीने स्वतःच्या साखरपुड्याच्या दिवशी पेपर दिला होता. ते तिनेच नंतर चहाच्या वेळी हसत सांगितले.

राजपार्ट

रात्रपाळी, तुमच्या या प्रसंगापुढे माझा युक्तिवाद थोडा लंगडा पडतो, हे कबूल करतो. कानाला सावळीगोरी पात्रे कळतात असे मी म्हटले होते. पण “मी पूजेला बसणार नाही” हे वाक्य गवार निवडतानाही स्पष्ट ऐकू आले असते, त्याला ढोलाची गरज नव्हती. तरीही साच्यांबद्दलचे माझे मत कायम आहे. दोष मुखवट्याचा नसून मुखवटा वाटणाऱ्यांचा आहे.

एक विचारायचे राहिले. त्या मुलीने पेपर दिला का?

रात्रपाळी

दिला. हॉलतिकीट तिच्या नवऱ्याला सापडले, रविवारच्या महाएपिसोडमध्ये, आणि तो मोटारसायकलवरून तिला परीक्षा केंद्राच्या दारापर्यंत सोडून आला. ती पेपर लिहिते आहे असे दृश्य मात्र झाले नाही. वर्गखोली आणि तीस ज्युनिअर कलाकार त्या आठवड्याच्या खर्चात बसत नव्हते.