मदत हवी आहे: प्रोटॉन उपचारात दोन सीटी जुळवताना ५ मिलिमीटरची चूक, तिचा अर्थ काय लावायचा?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची, बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवते. वडिलांच्या (आम्ही त्यांना आण्णा म्हणतो) उजव्या फुप्फुसात खालच्या बाजूला, अन्ननलिकेजवळ कॅन्सरची गाठ आहे. मुंबईकडे त्यांचे प्रोटॉन उपचार चालू आहेत. ३० पैकी १६ फ्रॅक्शन (उपचाराच्या बैठका) झाली. मध्ये पुन्हा सीटी काढला तर गाठ बरीच लहान झालेली दिसली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं, पण डॉक्टर म्हणाले, "प्लॅन बदलावा लागेल."

हे का, ते मला समजलं. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर थांबतो आणि थांबता थांबता जास्तीत जास्त ऊर्जा टाकतो. पण ती खोली वाटेतल्या घनतेवर ठरते. गाठ साधारण पाण्याइतकी दाट, फुप्फुस त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे वाटेतली १ सेंटिमीटर गाठ गेली आणि तिथे फुप्फुस आलं, की झोत पुढच्या फुप्फुसात जवळजवळ २ सेंटिमीटर जास्त आत जाणार. एक्स-रे किरणांच्या उपचारात गाठ लहान झाल्याने डोस एवढा सरकत नाही.

माझं घोडं अडलंय ते पुढे. पहिल्या प्लॅनचा १६ फ्रॅक्शनचा डोस आणि नव्या प्लॅनचा उरलेल्या १४ चा डोस यांची बेरीज करायला दोन्ही सीटी एकमेकांवर बसवावे लागतात. त्यासाठी सॉफ्टवेअर एक चित्र ताणून, दाबून दुसऱ्यावर बसवतं (डिफॉर्मेबल रजिस्ट्रेशन). तिथल्या फिजिसिस्टनी रंगीत नकाशा दाखवला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की गाठीच्या कडेला ही जुळणी ५ मिलिमीटरपर्यंत चुकलेली असू शकते. मज्जारज्जूचा एकूण डोस मर्यादेत आहे, अन्ननलिकेचाही. पण जुळणीच चुकली असेल तर या बेरजेवर विश्वास किती ठेवायचा?

आण्णा उद्यमनगरात चाळीस वर्षं पॅटर्नमेकर (ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने बनवणारे) होते. मी समजावून सांगितल्यावर म्हणाले, "म्हंजे कोप आन् ड्रॅग नीट बसंना, असंच की. पिना कुठं लावल्यात ते विचार." (कोप आणि ड्रॅग म्हणजे ओतकामाच्या साच्याचा वरचा आणि खालचा भाग; ते पिना लावून एकमेकांवर नेमके बसवतात.) तोच प्रश्न मी इथे विचारतेय. या जुळणीत पिना कुठे असतात? माझ्याकडे दोन्ही सीटींची सीडी आहे. इलास्टिक्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकून मी स्वतः तपासून पाहिलं तर काही कळेल का? रविवारी रात्री महालक्ष्मीने निघतेय, सोमवारी डॉक्टरांची वेळ आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, मी रेडिएशन विभागात मेडिकल फिजिसिस्ट आहे. आण्णांचा प्रश्न अगदी नेमका आहे.

पिना म्हणजे दोन्ही सीटींत हमखास ओळखू येतील अशा जागा. फुप्फुसात श्वासनलिका आणि रक्तवाहिन्या जिथे फुटतात ते फाटे त्यासाठी वापरतात. डीआयआर-लॅब या खुल्या संचात तर एकेका रुग्णाच्या सीटीवर असे ३०० बिंदू तज्ज्ञांनी लावलेले आहेत. सॉफ्टवेअरने ते बिंदू कुठे नेले आणि खरे कुठे आहेत, यातलं अंतर मोजतात. अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेच्या २०१७ च्या टीजी-१३२ अहवालात ही तपासणी कशी करायची ते दिलंय. तिथे अपेक्षा साधारण २ ते ३ मिलिमीटरची आहे, पण गाठ आक्रसलेल्या जागी ती गाठणं अवघड जातं. कारण सरळ आहे. जी पेशीच उरली नाही, तिच्या जोडीचा बिंदू नव्या सीटीत आणायचा कुठून? सॉफ्टवेअर तरीही काहीतरी जोडी लावतंच. शिवाय श्वासाबरोबर फुप्फुस बरगड्यांच्या आतून घसरतं, आणि बहुतेक पद्धती सगळं एकसंध रबरासारखं ताणतात, त्यामुळे तिथेही चूक होते.

आता धीराची गोष्ट. ५ मिलिमीटरची चूक सगळीकडे सारखी महाग नसते. डोस जिथे सपाट आहे तिथे ५ मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी आकडा हलत नाही. डोस जिथे कड्यासारखा उतरतो तिथे हलतो, आणि प्रोटॉनचा उतार तीव्र असतो. मज्जारज्जू मणक्यांच्या आत आहे, हाड सीटीत स्वच्छ दिसतं, म्हणून तिथली जुळणी सहसा चांगली असते. तो आकडा मी मानेन. अन्ननलिका मऊ, आसपासच्या भागात मिसळून गेलेली, आणि तुमच्या बाबतीत गाठीजवळ. तिथे एक आकडा न मागता "कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती" असं विचारा.

दुसरं, नवा प्लॅन थेट नव्या सीटीवर मोजला जातो. उरलेल्या १४ फ्रॅक्शनचा डोस या जुळणीवर अवलंबून नाही. जुन्या सीटीवर गाठ आणि अवयवांभोवती काढलेल्या रेषा सॉफ्टवेअरने नव्यावर आणल्या असतील, तर त्या डॉक्टरांनी डोळ्यांनी तपासल्या का, एवढं विचारा. जुना प्लॅन नव्या सीटीवर पुन्हा मोजून पाहिला का, हेही विचारा.

इलास्टिक्स शिकण्यासाठी जरूर चालवा, पण त्यातून आलेला आकडा घेऊन डॉक्टरांकडे जाऊ नका. दोन वेगळ्या पद्धती दिसायला सारखीच छान जुळणी देतात आणि आतल्या आत बिंदू वेगवेगळ्या जागी नेतात.

प्रतिसाद २

वरच्यांनी सांगितलंच आहे, एक भर घालतो. फोर-डी सीटीत (श्वासाबरोबरची हालचाल टिपणाऱ्या सीटीत) श्वासाचे साधारण १० टप्पे असतात. खालच्या भागातली गाठ श्वासाबरोबर सगळ्यात जास्त हलते. दोन्ही वेळचा एकच टप्पा जुळवलाय ना, हे नक्की विचारा. श्वास सोडल्यानंतरचा टप्पा त्यातल्या त्यात स्थिर. एकीकडे सरासरी सीटी आणि दुसरीकडे एक टप्पा असेल, तर ५ मिलिमीटरमधला काही भाग नुसता श्वासाचाच असेल.

धागालेखिका

दोघांचे मनापासून आभार. उतार आणि सपाटीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, आणि रोज वर्गात फळ्यावर तोच आलेख काढते. आत्ताच फोन केला होता. दोन्ही वेळी श्वास सोडलेलाच टप्पा घेतलाय, रेषा डॉक्टरांनी हाताने दुरुस्त केल्यात. अन्ननलिकेच्या डोसची कमी-जास्त मर्यादा सोमवारी काढून देतो म्हणाले. आण्णांना पिनांचं सांगितलं, तर ते फाटे स्वतः स्क्रीनवर बघायचेत म्हणतात. सीडी उघडून बसलोय दोघं. परत आल्यावर इथेच लिहिते.