गॅलेक्सी १५ चालू राहूनही धोकादायक का ठरला?

सीबँड_वाचक
गॅलेक्सी या दूरसंचार उपग्रहांच्या मालिकेतल्या दोन घटनांचा मेळ लागत नाहीये. १९ मे १९९८ ला गॅलेक्सी ४ चा ताबा सुटला आणि अमेरिकेतले बहुतेक पेजर मुके झाले, हे समजतं. पण ५ एप्रिल २०१० ला गॅलेक्सी १५ नुसता आज्ञा ऐकेनासा झाला, ट्रान्सपॉन्डर (सिग्नल घेऊन परत पाठवणारी यंत्रणा) चालूच होते. मग शेजारच्या एएमसी-११ उपग्रहाला एवढा धोका कसला? आणि अखेर त्याच्यावरचे टीव्ही चॅनेल वाचले कसे?

अपलिंक_कक्ष
ट्रान्सपॉन्डर चालू होते हाच धोका. खालून ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झमध्ये जे येईल ते २२२५ मेगाहर्ट्झने खाली आणायचं, वाढवायचं आणि परत सोडायचं, एवढंच हे उपग्रह करतात. सिग्नल कुणासाठी होता हे त्यांना कळत नाही. गॅलेक्सी १५ होता १३३ अंश पश्चिम रेखांशावर, एएमसी-११ १३१ वर, दोघांचा सी-बँड, म्हणजे वारंवारतांचा पट्टा, तोच. जागा राखणारे थ्रस्टर बंद म्हटल्यावर पहिला सरकत दुसऱ्याकडे निघाला. जवळ आला की एएमसी-११ चा अपलिंक, म्हणजे जमिनीवरून वर पाठवलेला सिग्नल, तोही उचलणार आणि तेच चॅनेल किंचित वेगळ्या वेळेने खाली पाठवणार. केबलवाल्याच्या ३.७ मीटर डिशचा झोत, म्हणजे ती एका वेळी बघते तो आकाशाचा तुकडा, ४ गिगाहर्ट्झला साधारण १.४ अंश रुंद. दोन्ही सिग्नल त्यात मिसळतात आणि रिसीव्हरची सिग्नलवरची पकड (लॉक) सुटते. घेणाऱ्याने डिश कितीही हलवली तरी उपयोग नाही.

म्हणून इलाज पाठवणाऱ्या टोकाला झाला. झोताची रुंदी अंशांत काढायची तर ७० गुणिले तरंगलांबी भागिले व्यास. ६ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ५ सेंटिमीटर, म्हणजे १९ मीटरच्या डिशचा झोत जेमतेम ०.१८ अंश. मेअखेरीस अपलिंक अशा मोठ्या डिशवर घेतले आणि एएमसी-११ त्याच्या जागेच्या कडेला सरकवला. गॅलेक्सी १५ पर्यंत अपलिंक पोचलाच नाही, तर तो परत काय पाठवणार? फार देखणी सोडवणूक आहे ही. त्याचे स्वतःचे ग्राहक तोवर गॅलेक्सी १२ वर गेले होते.

रेखांश७५
गॅलेक्सी १५ पूर्वेकडेच का सरकला, तेही सांगतो. विषुववृत्त पुरतं वर्तुळ नाही, किंचित लंबगोल आहे. त्यामुळे भूस्थिर कक्षेत ७५ अंश पूर्व आणि १०५ अंश पश्चिम यांच्या आसपास दोन स्थिर बिंदू तयार होतात. मोकळा सुटलेला उपग्रह जवळच्या बिंदूकडे (इथे १०५ अंश पश्चिम) ओढला जातो, त्याला ओलांडतो आणि झोपाळ्यासारखा मागेपुढे होत राहतो. ७५ अंश पूर्वेचा बिंदू छत्रपती संभाजीनगरच्या रेखांशाजवळच पडतो. ७४ अंशांवरच्या भारतीय उपग्रहांना पूर्व-पश्चिम दुरुस्ती त्यामुळेच थोडी लागते. इंधनाचा मोठा खर्च मात्र उत्तर-दक्षिण दुरुस्तीचा, वर्षाला सुमारे ५० मीटर प्रतिसेकंद इतका वेग बदलण्याएवढा, आणि त्यातून सुटका नाही.

बस_व्होल्टेज
दोन्ही बिघाडांची जात वेगळी. गॅलेक्सी ४ मध्ये शुद्ध कथिलाच्या मुलाम्यातून केसासारखे स्फटिक वाढले आणि नियंत्रण प्रोसेसरमध्ये शॉर्ट झालं. राखीव प्रोसेसर आधीच गेलेला होता. म्हणजे राखीव भागाची सोय असूनही हाती काही उरलं नाही. पेजर-प्रेषकांच्या डिश मग जागोजागी जाऊन हातानं दुसऱ्या उपग्रहाकडे वळवाव्या लागल्या.

गॅलेक्सी १५ मध्ये आज्ञा घेणारं बेसबँड युनिट अडकलं होतं, त्याला हवा होता फक्त रीसेट. पण वीज जाईपर्यंत तो मिळणार नव्हता. रिॲक्शन व्हीलमध्ये, म्हणजे उपग्रहाचा रोख धरून ठेवणाऱ्या फिरत्या चाकांत, संवेग साठत गेला, डिसेंबरात पृथ्वीवरचा रोख सुटला, सौर पॅनेल सूर्यापासून वळले आणि २३ डिसेंबरला बॅटरी रिकामी झाली. युनिट नव्याने सुरू झालं आणि उपग्रह आज्ञा घेऊ लागला. नंतर सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती पाठवली गेली.