मॉडेलरला एफआरएफआरच का? गिटार कॅब का नको?

बेसूर: मॉडेलर (गिटार अँप आणि स्पीकरची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) म्हणून हेलिक्स घ्या नाहीतर क्वाड कॉर्टेक्स, पहिला सल्ला ठरलेला: ‘सोबत एफआरएफआर घे.’ म्हणजे फुल रेंज, फ्लॅट रिस्पॉन्स, आत जाईल तेच बाहेर काढणारा स्पीकर. मला हे पटत नाही. बँडमध्ये वाजवायचं असेल तर साधा पॉवर अँप आणि खरी गिटार कॅब (गिटार स्पीकरची पेटी) घ्या, मॉडेलरमधलं कॅब सिम्युलेशन, म्हणजे कॅबची नक्कल, बंद करा. ही नक्कल ज्या आयआरवर चालते, तो म्हणजे शेवटी कॅबला माईक चिकटवून पकडलेला आवाज. रेकॉर्डिंगला झकास, पण शेजारी ड्रमर सुरू झाला की पोकळ वाटतो. गिटार स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर मान टाकतो (सेलेस्टियन व्हिंटेज ३० ची रेंजच मुळी ७० ते ५००० हर्ट्झ दिलीय) आणि डिस्टॉर्शनला तेच हवं असतं.

कोरी तार: मग मॉडेलर घेतलास कशाला? फेंडर लाव नाहीतर मार्शल, सगळे त्याच एका कॅबच्या गळ्यातून गाणार. पीएमध्ये (प्रेक्षकांसाठीचे मोठे स्पीकर) तर आयआरच जाणार ना? म्हणजे प्रेक्षक एक ऐकतात, तू दुसरंच.

पोकळ वाटण्याचं कारण बहुतेकदा पॅचमध्येच (मॉडेलरमध्ये साठवलेलं सेटिंग) असतं. आपण पॅच रात्री बसून हळू आवाजात बनवतो. हळू आवाजात कानाला बेस आणि ट्रेबल दोन्ही कमी ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलंय. मग आपण दोन्ही वाढवून ठेवतो आणि स्टेजवर त्याचीच बूमबूम आणि किरकिर होते. ९० हर्ट्झच्या आसपास लो कट (त्याखालचं कापणारा फिल्टर), ६-७ किलोहर्ट्झला हाय कट (त्यावरचं कापणारा), आणि पॅच स्टेजच्या आवाजातच ऐकून पक्का कर. एवढं करून मग स्पीकरला नावं ठेव.

बेसूर: कट लावूनच बोलतोय. आणि एका कॅबचं म्हणशील तर ट्यूब अँपवाले वर्षानुवर्षं एकाच कॅबवर वाजवतात, त्यांचं काही अडतं का?

ओहम शांती: टोनवरून भांडा खुशाल, पण वॅटचंही बघा जरा. पॉवर अँपवर ठळक छापलेला वॅटचा आकडा बऱ्याचदा ४ ओहमच्या कॅबसाठी असतो (ओहम म्हणजे कॅबचा विद्युत अडथळा). ८ ओहमला जवळपास निम्मा, १६ ला त्याच्याही निम्मा. ट्यूब अँपला प्रत्येक ओहमसाठी वेगवेगळे टॅप (जोडण्या) असतात, म्हणून तिथे हे जाणवत नाही. क्लास डी वाल्याला (हलका, ट्यूबशिवायचा पॉवर अँप) १६ ओहमची कॅब जोडली की ‘दमच नाही’ म्हणून बोंब. उलट बाजूने, व्हिंटेज ३० फक्त ६० वॅटचा आहे, एकट्या स्पीकरवर दोनशे वॅट ओतू नका.

एफआरएफआरवरचे ‘१००० वॅट’ तर बहुधा पीकचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल पॉवरचे असतात. त्यापेक्षा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे दिलेल्या पॉवरला स्पीकर किती मोठा वाजतो, ते बघा. व्हिंटेज ३० ची १०० डेसिबल आहे, १ वॅटला १ मीटरवर. ३ डेसिबल कमी असलेल्या स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट पॉवर लागते.

बाकी भांडण कशाला? हेलिक्ससारख्यांत सिग्नल फोडता येतो: आयआरसकट पीएला, आयआरशिवाय कॅबला.

बेसूर: तेच करतो. मागे कॅब, पुढे पीए.

कोरी तार: आणि तुझ्या बेसिस्टचं काय? बारा इंची स्पीकर वरच्या फ्रीक्वेन्सी सरळ रेषेत फेकतो. कॅबसमोर उभ्याचे कान फाटणार, बाजूच्याला फक्त गुरगुर. माझं वेज मॉनिटर (स्टेजवर जमिनीवर तिरका ठेवायचा स्पीकर) निदान ज्याच्याकडे वळवू त्याला ऐकू येतं.

बेसूर: कॅब तिरकी ठेव की!