फक्त नोकरीसाठी पीएच.डी. करावी का? तुम्ही का केलीत?

नकाशा

नमस्कार. मी भूगोलात एम.ए. केलंय, सेट (राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा) झालेय. पुण्यात दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवते, सकाळी शहरात आणि दुपारी हडपसरच्या पुढे. राहायला धायरीत. मुलगी यंदा पहिलीत गेली.

स्टाफरूममध्ये सगळे एकच सांगतात, पीएच.डी.ला नाव घालून टाक, नाहीतर मुलाखतीला कुणी उभं करणार नाही. सासूबाईंचीही हरकत नाही, उलट मुलीला मी सांभाळते म्हणतात. नवरा मात्र म्हणाला, "कर, पण का करतेयस ते एकदा नीट सांग." त्याने विरोध म्हणून नाही विचारलं, आणि तरी मला उत्तर देता आलं नाही.

कायमची नोकरी हवी आहे, हे खरंच आहे. सुट्टीत तास नसतात, तेव्हा मानधनही नसतं. मे महिन्यात घरात माझा एक रुपया येत नाही. पण एवढ्या एका कारणावर पाच-सहा वर्षं निघतील का? ओळखीच्या एका सरांनी विषय सुचवले आहेत: पुणे जिल्ह्यातले आठवडे बाजार, नाहीतर एखाद्या तालुक्यातला पीक प्रारूपातला बदल. विषय वाईट नाहीत. पण रात्री भांडी आवरताना त्यातला एकही माझ्या डोक्यात येत नाही.

डोक्यात असतं ते वेगळंच. धायरी 2017 मध्ये महापालिकेत आली, तरी आमच्या सोसायटीला आजही टँकर लागतो. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोडच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएसचे (गियां-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण निघाले आणि पाण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा मी आमच्या टँकरवाल्याला विचारलं की पाणी कुठून भरता. तो म्हणाला, "मॅडम, जिथं नंबर लागंल तिथं." तेव्हापासून मी एका वहीत लिहून ठेवते: टँकर किती वाजता आला, गाडी कोणती, कुठे भरला असं ड्रायव्हर सांगतो. शेजारच्या दोन सोसायट्यांमधूनही विचारून घेते. याचा पीएच.डी.शी काही संबंध आहे का, मला माहीत नाही.

ज्यांनी केली, आणि ज्यांनी मधेच सोडली, दोघांकडूनही ऐकायचं आहे.

पुरंदरचा

मी सोडलेल्यांपैकी. आधी नियमाचं सांगतो, कारण स्टाफरूममधलं ऐकून निर्णय घेऊ नका. 1 जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकपदासाठी यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, पीएच.डी. ऐच्छिक केली आहे. नेट (देशपातळीवरची पात्रता परीक्षा) किंवा सेट असली की पात्रता पूर्ण. म्हणजे कागदावर तुम्ही आजच पात्र आहात. पण मुलाखतीसाठी यादी लावताना पीएच.डी.चे गुण धरतात, आणि पुढे सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर ती लागतेच. म्हणून स्टाफरूमही अगदी खोटं बोलत नाही. फक्त एक गोष्ट तिथे कुणी बोलत नाही. जागाच निघाल्या नाहीत तर पीएच.डी. झालेला आणि न झालेला, दोघं शेजारी बसून तासिकेचीच बिलं भरतात. माझ्या विभागात असे दोघं होते आणि दोघंही उत्तम शिकवायचे.

नोकरीसाठी करणं हलकं आहे, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. शेतकऱ्याच्या, कामगाराच्या घरातून आलेल्या माणसाला पोटाचा विचार आधी करावाच लागतो, त्यात कमीपणा कसला? मी चौथ्या वर्षी सोडली, कारण वडिलांचं डायलिसिस सुरू झालं आणि विद्यावेतन महिनोन्महिने थकायचं. विषय मला मनापासून आवडायचा. आवड असूनही खोलीचं भाडं द्यावं लागतं. आज मी सासवडला कनिष्ठ महाविद्यालयात आहे, मुलं चांगली आहेत, झोप लागते.

म्हणून विषयाच्या आधी पैशाचा हिशेब मांडा. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, असेल तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000 मिळतात, घरभाडं वेगळं. सेटवर ते मिळत नाहीत, जेआरएफसाठी नेटच द्यावी लागते. आपल्या राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, तुम्ही कोणत्या प्रवर्गात बसता ते बघा. पण अधिछात्रवृत्ती घेतली की पूर्णवेळ संशोधन, मग दोन कॉलेजांचे तास सुटतात. हे घरात सगळ्यांसमोर बोलून घ्या. रक्कम हातात यायला उशीर होणार असं धरूनच बोला.

रसायनी

माझं कारण ऐकून तुम्हाला धीर येईल बहुतेक. मी साताऱ्याची. एम.एस्सी. संपायच्या आत घरी स्थळं यायला लागली होती. मला लग्न नको होतं असं नाही, तेव्हा नको होतं. जेआरएफ निघाली आणि मी पुण्यात पाषाणला प्रयोगशाळेत रुजू झाले. वडील नातेवाइकांना अभिमानाने सांगायचे, "ती डॉक्टरेट करतेय, एवढ्यात काही बघत नाही." स्वतःची खोली, स्वतःचे पैसे, रात्री दहाला सायकलवरून परत येण्याची मुभा. माझी पीएच.डी. सुरू झाली ती यासाठी.

आणि ते कारण पुरेसं होतं. खोटं नव्हतं, लहानही नव्हतं. अभिक्रियेचं वेड नंतर लागलं, दुसऱ्या वर्षी, जेव्हा एक उत्प्रेरक माझ्या हाती चालायचा आणि शेजारच्या टेबलावर चालायचा नाही. सहा आठवडे आम्ही दोघी त्याच्या मागे होतो. शेवटी सापडलं: द्रावकात राहिलेलं किंचित पाणी. त्या दिवसापासून मला घरून पळायची गरज उरली नव्हती, तरी मी प्रयोगशाळेतच होते.

कमला सोहोनींची गोष्ट आम्हा मुलींना तिथे सिनियर सांगायच्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना आधी मुलगी म्हणून नाकारलं, त्या हटल्या नाहीत, मग अटी घालून घेतलं. 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ती मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. मला त्यात नेहमी वाटतं की बाईच्या बाबतीत कारण एकच एक नसतं. विषयाचं प्रेम असतं, आणि मला इथे बसू द्या हेही असतं. दोन्ही घेऊनच आत जा.

एक व्यवहाराचं. 2022 च्या यूजीसी नियमांत किमान तीन वर्षं, कमाल सहा, फेरनोंदणी करून आणखी दोन. स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे, शिवाय प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा. मुलगी पहिलीत आहे म्हणून घाईने विषय उरकू नका.

कालवा

ताई, तुमचा शेवटून दुसरा परिच्छेद मी तीनदा वाचला. पाण्याचा माणूस आहे मी, राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो.

पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होतो, बरीच वर्षं खडकवासल्याच्या कालव्यावर. निवृत्त झाल्यावर आधी इतिहासात एम.ए. केलं आणि मग पीएच.डी. विषय कात्रजचा नळ. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या दगडी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत आणलं. पंप नाही, फक्त उतार. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले, हवा निघून जायला आणि गाळ काढायला. नोकरीत उताराचे हिशेब मी रोज करायचो, त्यामुळे हे काम कुणी, कसं मोजून केलं असेल, ते मला सुटत नव्हतं.

मला ना बढती मिळणार होती ना वेतनवाढ. मुलगा म्हणाला, "बाबा, आवड आहे तर वाचा की, पदवी कशाला?" रास्त प्रश्न. रियासतकार सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड संपादित केले ते काही पीएच.डी.साठी नाही. राजवाड्यांनी 1910 साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं, त्यांच्याकडेही ही पदवी नव्हती. पुण्यात तर हौसेने इतिहास धुंडाळणारी माणसं पेठेपेठेत आहेत, आणि त्यांच्यातले काही फार मोलाचं काम करतात.

तरी मी पदवीला नाव घातलं, कारण मला कुणीतरी अडवायला हवं होतं. एकटा वाचत होतो तेव्हा माझं मलाच सगळं पटायचं. फेरफटक्याला आलेल्या लोकांना उच्छ्वास दाखवून मी ठामपणे सांगायचो की पाणी अमुक हौदात आधी जायचं आणि तमुक हौदात नंतर. लोक माना डोलवायचे. सल्लागार समितीपुढे दर सहा महिन्यांनी उभं राहावं लागतं. तिथे पहिल्याच वेळी एका मॅडमनी विचारलं, "हे कोणत्या कागदावरून?" त्या एका प्रश्नासाठी मी मोडी शिकलो. पेशवे दफ्तरात कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) सोडून चुना, गवंडी, बेलदार यांच्या खर्चाच्या नोंदी लावत बसलो. प्रबंधातली माझ्या आवडीची दोन प्रकरणं त्या प्रश्नातून आली आहेत. हौसेला कुणी असं विचारत नाही, शेजारी नाही, घरचे तर नाहीच.

आणि विचारलं गेल्यामुळे विषयही बदलला. मी गेलो होतो उतार मोजायला. पण पेठांत हौद होते, तरी 1868 मध्ये जोतीराव फुल्यांना आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला. म्हणजे पाणी कुठवर पोचलं आणि कुणापर्यंत पोचलं, हे दोन वेगळे नकाशे निघतात. मी अभियंता म्हणून पहिलाच काढला असता.

आता तुमची वही. प्रश्न जिवंत आहे यात शंका नाही, पण अजून ते संशोधन नाही. ड्रायव्हर सांगतो ते ठिकाण म्हणजे एक साक्ष झाली. तिला दुसरा आधार कोणता? पालिकेच्या टँकर भरणा केंद्रावरची नोंद, खाजगी विहीर असेल तर तिचं ठिकाण आणि त्या पाण्याची तपासणी, सोसायटीची बिलं. हे जुळतं की नाही, यात तुमची वर्षं जातील. आणि टँकरचं पाणी खराबच असणार, असं आज तुम्हाला वाटत असेल. नोंदींनी उलट दाखवलं तर ते तेवढ्याच ठळकपणे लिहाल का? याला हो म्हणता येत असेल तर यजमानांना द्यायचं उत्तर तुमच्याकडे आहे. नोकरीचं कारण त्याच्या शेजारी खुशाल राहू द्या.

मार्गदर्शकांबद्दल: सहायक प्राध्यापकाला एका वेळी चार, सहयोगीला सहा, प्राध्यापकाला आठ विद्यार्थी घेता येतात. जागा आहे का ते विचाराच, पण त्याआधी त्यांच्या आताच्या विद्यार्थ्यांना गाठा आणि विचारा की सर लिहिलेलं वाचतात का, वाचून किती दिवसांत परत देतात. त्यांनी याआधी करून घेतलेले प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) सापडतील, त्यातले दोन तरी चाळा. सगळे सारख्याच साच्यातले दिसले तर तुमचाही त्याच साच्यात जाईल.

नकाशा

सगळ्यांचे मनापासून आभार. पुरंदरचा, पैशांचं बोलणं काल रात्री झालं. एक वर्ष तास चालू ठेवून नेट द्यायची, जेआरएफसाठी जोर लावायचा, असं ठरलंय. रसायनी, तुमचं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मलाही शिकायचं होतं म्हणून मी नर्सिंगला जाणार होते." हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

कालवाकाका, तुमच्या प्रश्नाने दोन दिवस त्रास दिला. उलट निघालं तर लिहीन. पाणी चांगलं निघालं तर मला आनंदच होईल, मुलगी तेच पिते. सरांना शनिवारी वही दाखवणार आहे. ते आठवडे बाजारावरच अडून बसले तर दुसरे मार्गदर्शक बघेन. तोवर भरणा केंद्रांच्या नोंदी मिळवायला सुरुवात कशी करू? माहिती अधिकारात मिळतील का?

कालवा

मागून बघा. अर्जाला दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. पण "टँकरची सर्व माहिती द्या" असं लिहू नका, त्याला उत्तर म्हणून काहीही येतं. एक भरणा केंद्र, एक महिना, आणि फेऱ्यांच्या नोंदवहीची प्रत, एवढंच मागा. तोच महिना तुमच्या वहीत भरलेला असेल असा निवडा, म्हणजे आलेली प्रत लगेच ताडून बघता येईल. आणि वहीच्या पानांचे फोटो आजच काढून ठेवा, तारखेसकट.