रायगडावरचा राज्याभिषेक सोहळा: लहान मुलगा आणि गुडघेदुखी असलेले वडील, मुंबईहून जमेल का?

दादरकर_सचिन
६ जूनला रायगडावर जायचे मनात आहे. सोबत आठ वर्षांचा मुलगा आणि वडील. त्यांना पायऱ्या चढता येत नाहीत, म्हणून रोपवेचा विचार आहे. मुलाला दांडपट्टा आणि लाठीकाठी प्रत्यक्ष पाहायची आहे. त्या दिवशी रोपवे मिळतो का? तिथीचा सोहळा त्या मानाने सोपा पडेल का?

गडवाट_मुलुंड
वडिलांना सोहळ्याच्या दिवशी नेऊ नका. रोपवेच्या डब्यात एका वेळी मोजकीच माणसे बसतात आणि खाली लोक हजारोंनी असतात. तासन्‌तास रांगेत उभे राहण्यातच गुडघे जातात. वारा वाढला की सेवा थांबवावी लागते, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात वळवाचा पाऊस नेमका दुपारनंतर येतो. म्हणजे वर गेलेला माणूस वरच अडकू शकतो. शिवाय रोपवेतून उतरले की चालणे संपले असेही नाही. राजवाड्याच्या भागात पायऱ्या आहेत, आणि जगदीश्वराच्या देवळापर्यंत होळीचा माळ, बाजारपेठ ओलांडून जावे लागते. सावली जवळजवळ नाहीच.

तुम्ही आणि मुलगा दोघेच जाणार असाल तर ५ जूनला पहाटे मुंबई सोडा. महाडपासून गडाच्या पायथ्याचे पाचाड साधारण २५ किलोमीटर आहे. गर्दीत खासगी गाड्या बऱ्याच अलीकडे अडवतात, तिथून पुढे बस. ऊन चढायच्या आत चित दरवाज्याची वाट धरा. पायऱ्या चौदाशेहून जास्त आहेत, मुलाच्या चालीने तीन तास धरून चाला. माणशी २ लिटर पाणी, मीठ-साखर, टोपी. ढगांचा गडगडाट सुरू झाला की उघड्या माळावरून बाजूला व्हा. वीज हा तिथला खरा धोका आहे आणि उत्साहाच्या भरात लोक तो विसरतात.

पट्टेकरी_लालबाग
मुलाला खेळ पाहायचे आहेत, तर कुठे उभे राहायचे हे आधी ठरवा.

दांडपट्ट्याचे पाते साधारण ४ फूट, लवचिक. मूठ कोपरापर्यंत हात झाकते, त्यामुळे मनगट वळत नाही आणि सगळा फिरकावा खांद्यातून व कमरेतून येतो. हात आणि पाते मिळून घेर फार मोठा होतो, आणि खेळणारा पुढे-मागे सरकतच असतो. रिंगणाच्या पहिल्या रांगेत मुलाला बसवू नका. विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला, तो फेकून परत ओढतात, म्हणून फेकीच्या रेषेत कधीच थांबू नये. बाजूने पाहिले तर पायांची ठेवणही नीट दिसते, आणि मर्दानी खेळात शिकण्यासारखे खरे तिथेच आहे. बहुतेक प्रेक्षक फक्त पात्याकडे बघत राहतात.

सोहळ्याच्या गर्दीत हे सगळे डोक्यांच्या फटीतून बघावे लागेल. त्यापेक्षा गुढीपाडव्याला गिरगावची शोभायात्रा बरी. चर्नी रोडला सकाळी लवकर उतरा. मिरवणूक थांबते तिथे पथके रिंगण करतात, आणि खेळ आटोपल्यावर पोरांच्या प्रश्नांना मनापासून उत्तरे देतात. वडीलही येऊ शकतील.

मुक्ता_ठाणे
तिथीबद्दल. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा, तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. चैत्र ते ज्येष्ठ यांपैकी एखादा महिना अधिक असेल त्या वर्षी ती जूनअखेरीस सरकते आणि तोवर कोकणात पाऊस बसलेला असतो. ओल्या पायऱ्यांवरून लहान मुलाला उतरवणे चढण्याहून अवघड, त्यामुळे पंचांग बघितल्याशिवाय तिथीचा बेत करू नका.

वडिलांसाठी मी डिसेंबर-जानेवारीतला मधल्या वारचा दिवस सुचवेन. रोपवेची पहिली फेरी घ्या, राजसदरेवर एकाने थांबा आणि दुसऱ्याने नगारखान्याजवळ जा. सदरेवर हळू बोललेले तिथे स्पष्ट ऐकू येते. दरबार कसा चालत असेल हे त्याने जितके कळते तितके कुठल्याही वेशभूषेने कळत नाही. सोहळ्याच्या दिवशी ढोल-ताशात हा अनुभव मिळणे अशक्य. वेळ उरला तर जगदीश्वराच्या पायरीवरचा, गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचा शिलालेख मुलाला वाचून दाखवा.

पुण्याजवळ आंबेगावची शिवसृष्टीही आहे, पण तिथे भर पडद्यावर आणि तंत्रावर आहे. हत्यार चालवणारा जिवंत माणूस पाहायचा असेल तर ती जागा त्यासाठी नाही.

दादरकर_सचिन
म्हणजे वडिलांना हिवाळ्यात, मुलाला पाडव्याला गिरगावात. मुलगा मावळ्याच्या वेशात येणार म्हणतोय, चालेल?

पट्टेकरी_लालबाग
चालेल, पण बाजारातला चकचकीत पॉलिस्टरचा पोशाख नको, उन्हात अंग भाजते. सुती बाराबंदी, सुती सुरवार, डोक्याला साधे मुंडासे. नुसती मोजडी घातली तर टाच सोलते, म्हणून नेहमीचे बूटच असू द्या. तलवार लाकडी आणि कमरेला बांधलेली. गर्दीत हातात दिलीत तर शेजारच्याच्या डोळ्यात जाईल.